जुनं लघुचित्र हाती आलं तर: ओळखावं कसं, वाचावं कसं, जपावं कसं

इंग्लंडमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या आजींनी एकदा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा माझ्यासमोर ठेवला. आत बटणं, अंगुस्ताना, बंद पडलेलं घड्याळ, आणि मऊ कापडात गुंडाळलेलं एक अंडाकृती लॉकेट. लॉकेटमध्ये एका तरुणाचा चेहरा होता, निळा कोट, कपाळावर आलेले कुरळे केस. डोळे इतके जिवंत की मी क्षणभर बोलायचंच विसरलो. मागच्या काचेखाली केसांची बारीक वेणी. हा कोण, असं मी विचारलं. आजी म्हणाल्या, "माझ्या आईला माहीत होतं."

तेव्हापासून गेली काही वर्षं मी ही चित्रं पाहतो आहे, आणि हे वाक्य वेगवेगळ्या घरांत पुन्हा पुन्हा ऐकतो आहे. चेहरा दोनशे वर्षं टिकतो, नाव मात्र तीन पिढ्यांत हरवतं. ब्रिटन-अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना अशी चित्रं जुन्या बाजारात, लिलावात, कधी सासरच्या कपाटात भेटतात. ज्यांनी हे पहिल्यांदाच हातात घेतलं आहे, त्यांच्यासाठी हा लेख.

आधी हे आहे काय ते समजून घ्या

फोटो नव्हते तेव्हा माणसाचा चेहरा खिशात घालून नेण्याचा हाच उपाय होता. समुद्रापार निघालेला नवरा, लग्न ठरलेली मुलगी, गेलेलं मूल, यांची तळहाताहून लहान चित्रं काढून घेत आणि लॉकेट, ब्रोच, कडं किंवा चामडी डबीत बसवत. यांना मिनिएचर म्हणतात ते लहान आकारामुळे, असं आपल्याला वाटतं. पण शब्द आला आहे 'मिनिअम'वरून, म्हणजे आपला शेंदूर. हस्तलिखितांतली अक्षरं शेंदरानं रंगवणाऱ्यांच्या कामाचं ते नाव होतं.

सुरुवातीला ही चित्रं कातड्याच्या पातळ पानावर काढत. 1700 च्या सुमारास व्हेनिसच्या रोझाल्बा कॅरिएरा या चित्रकर्तीनं हस्तिदंतावर जलरंग वापरायला सुरुवात केली आणि पुढची दीडशे वर्षं हस्तिदंत हाच मुख्य पृष्ठभाग राहिला. कारण साधं आहे. पातळ कापलेल्या हस्तिदंतातून प्रकाश किंचित आरपार जातो. त्यावर गालाचा गुलाबी रंग अगदी विरळ लावला की खालचा दुधी रंग त्वचेसारखा उजळतो. कागदावर ही जादू होत नाही.

पण हस्तिदंत गुळगुळीत आणि तेलकट असतो, पाण्याचा रंग त्यावर थांबत नाही. म्हणून चित्रकार आधी त्यातलं तेल काढत, उन्हात तो उजळवत आणि प्युमिस दगडाच्या किंवा समुद्रफेनाच्या पुडीनं घासून जरा खरखरीत करत. रंगात बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक, कधी थोडी साखर. कुंचला जवळजवळ कोरडा ठेवायचा, कारण एक ओला फटकारा मारला की आधीचा थर सुटून येतो. त्यामुळे चेहरा फटकाऱ्यांनी रंगवतच नसत. हजारो ठिपक्यांनी आणि केसाएवढ्या रेघांनी तो विणत. हे लक्षात ठेवा, पुढे ओळखताना आणि जपताना सगळं इथेच येऊन थांबतं.

हातात घेताना

पहिला नियम: उघडू नका. आत काय आहे ते पाहायची ओढ मलाही अनावर होते, तरीही नाही. मूळ चित्रकारानं हस्तिदंत, मागचा कागद आणि वरची काच एकत्र ठेवून कडेनं गुराच्या आतड्याच्या पातळ पापुद्र्यानं किंवा कागदी पट्टीनं बंद केलेली असते. हे सील शाबूत असेल तर आतल्या हवेत धूळ आणि बुरशी कमी शिरते, आणि चित्राला कुणी हात लावलेला नाही याचा तो पुरावाही असतो.

टेबलावर जाड टॉवेल घाला आणि चित्र त्याच्या वरच धरा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती हातमोज्यांतून लहान वस्तू निसटते, म्हणून ते नकोत. आणि काच पुसायला पाणी किंवा फवारा अजिबात वापरू नका. मी सुरुवातीला एका चित्राची काच ओल्या कापडानं पुसली होती. पाण्याचा एक थेंब चौकटीच्या फटीतून आत गेला आणि त्या बाईच्या निळ्या शालीची कड माझ्या डोळ्यांदेखत विरघळून पसरली. डिंकातला रंग दोनशे वर्षांनीही पाण्याला तितकाच भितो. ती शाल आता कुणीच पूर्ववत करू शकत नाही.

भिंगातून पाहा

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, सोनारांकडे असतं तसलं. सोबत लहान टॉर्च; ती समोरून नको, बाजूनं तिरपी धरा.

आधी गाल आणि कपाळ. ठिपके आणि बारीक रेघा एकमेकांत मिसळलेल्या दिसल्या, डोळ्याच्या कडेला एखादी रेघ हातानं थरथरून गेलेली दिसली, तर रंगवलेलं काम आहे. सगळीकडे सारख्या अंतरावर, सारख्या आकाराचे ठिपके जाळीसारखे दिसले तर ती छपाई आहे, वरून थोडा रंग लावलेली. तिसराही प्रकार आहे, खाली फोटो आणि वर रंग. 1839 साली दाग्युरोटाइप, म्हणजे फोटो काढायची सुरुवातीची पद्धत, जाहीर झाल्यावर या धंद्याचा कणा मोडला आणि पुढे बरेच लघुचित्रकार फोटो रंगवण्याकडे वळले. असं चित्र खोटं नव्हे, त्या बदलाचा तो साक्षीदार आहे. फक्त त्याला योग्य नावानं ओळखा. फोटोमुळे तुमचा धंदा बुडणार नाही का, असं राणी व्हिक्टोरियानं आल्फ्रेड शालोन या चित्रकाराला विचारलं, तेव्हा फोटोला खुशामत करता येत नाही, असं तो म्हणाला, असा किस्सा सांगतात. धंदा मात्र बुडालाच.

मग पृष्ठभाग. हस्तिदंतात लाकडासारख्या अतिशय सूक्ष्म, जवळजवळ समांतर रेषा असतात. पार्श्वभूमीचा रंग पातळ असेल तिथे त्या तिरप्या उजेडात दिसतात. सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकच्या नकलेत त्या नसतात किंवा कंगव्यानं ओढल्यासारख्या एकसारख्या असतात. गरम सुई टोचून पाहायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यानं खऱ्याखोट्याचा निवाडा होण्याआधी वस्तूचं नुकसान होतं.

बाजारात सगळ्यात जास्त भेटतात ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची आणि विसाव्याच्या सुरुवातीची शोभेची चित्रं. नेपोलियन, मारी आंत्वानेत, मोठी टोपी घातलेली सुंदर डचेस. पियानोच्या पट्ट्यांच्या हस्तिदंतापासून केलेली चौकट. कोपऱ्यात फ्रेंच वळणाची सही. मागे जुन्या पुस्तकाचं पान मुद्दाम चिकटवलेलं. चेहरा प्रसिद्ध माणसाचा असेल तर सावध व्हा. घरच्यांनी काढून घेतलेलं खरं चित्र बहुधा तुमच्या-माझ्यासारख्या कुणाचं तरी असतं, थोडं वाकडं नाक असलेलं.

आपल्याकडेही याचं एक भावंड आहे. दिल्लीच्या चित्रकारांनी एकोणिसाव्या शतकात हस्तिदंतावर मुघल बादशहा, बेगमा आणि ताजमहाल रंगवून साहेबलोकांना विकले. ही अंडाकृती चित्रं ब्रोचमध्ये बसून विलायतेत गेली आणि तिथल्या डब्यांत आजही सापडतात. त्यातलं काही काम फार सुरेख आहे, पण त्यातली बेगम म्हणजे कुणाची पणजी नव्हे.

कपड्यांवरून काळ

वर्ष लिहिलेलं नसेल तर कपडे आणि केस बोलतात. छातीखालीच कंबर बांधलेला पांढरा झगा आणि कपाळावर आखूड कुरळ्या बटा: 1800 ते 1815 च्या आसपास. खांद्यापासून फुग्यासारख्या फुगलेल्या बाह्या आणि डोक्यावर उंच बांधलेला अंबाडा: 1830 च्या मागेपुढे. मधोमध भांग, कानांवरून चापून बसवलेले केस, उतरते खांदे: 1840 चं दशक. पुरुषांच्या केसांना पावडर असेल तर चित्र बहुतेक अठराव्या शतकातलं, कारण ब्रिटनमध्ये 1795 साली केसांच्या पावडरीवर वर्षाला एक गिनी (पौंडाहून थोडा जास्त) कर बसला आणि ती फॅशन झपाट्यानं ओसरली. गळपट्टा आधी पांढरा, 1820 नंतर काळा वाढत जातो. लष्करी कोट असेल तर बटणं भिंगाखाली नीट पाहा. पलटणीचा आकडा किंवा चिन्ह कधीकधी त्यावर रंगवलेलं असतं आणि एका बटणावरून माणूस सापडू शकतो.

आकारही मदत करतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंडाकृती चित्रं, मग हळूहळू आयताकृती आणि मोठी. अँड्र्यू रॉबर्टसन या स्कॉटिश चित्रकारानं तैलचित्रासारखी भारदस्त आयताकृती लघुचित्रं रूढ केली. भिंतीवर टांगायची काळी लाखी चौकट आणि वर पितळी कडी, ही त्याच काळातली ओळखीची जोडी. यात एक धोका आहे. चित्र जुनं आणि चौकट नंतरची असं सर्रास होतं, म्हणून चौकटीवरून काळ ठरवू नका.

मागची बाजू, जिथे घर राहतं

नवखे लोक चेहऱ्यावर अर्धा तास घालवतात आणि पाठ पाच सेकंदांत पाहून टाकतात. मी उलट करायला सांगेन. चेहरा चित्रकाराचा असतो, पाठ त्या कुटुंबाची.

पाठीवर काच असेल तर तिच्याखाली केस असतात. विणलेली वेणी, पिसाच्या आकाराची बट, कधी दोन वेगवेगळ्या रंगांचे केस एकत्र गुंफलेले. केस म्हणजे मृत्यूच, असं समजू नका. जिवंत माणसंही प्रेमानं आपली बट देत. शोक असेल तर वेगळ्या खुणा दिसतात: काळ्या मिन्याची कड, मृत्यूची तारीख आणि वय कोरलेलं, अश्रूंसाठी मोती. पांढरा मिना बहुधा लहान मुलासाठी किंवा अविवाहित व्यक्तीसाठी. सोन्यावर गुंफलेली आद्याक्षरं असतील तर ती कागदावर उतरवून घ्या आणि सगळ्या बाजूंनी वाचा. ती चित्रातल्या माणसाचीच असतील असं नाही, चित्र ज्यानं बाळगलं त्याचीही असू शकतात.

आतल्या कागदावर चित्रकार कधी नाव, पत्ता, तारीख लिहून ठेवत. अठराव्या शतकाच्या अखेरचे तीन नामांकित इंग्लिश लघुचित्रकार घ्या. जॉन स्मार्ट पुढच्याच बाजूला आद्याक्षरं आणि वर्ष घाली. 1785 ते 1795 तो मद्रासमध्ये होता, त्या काळातल्या चित्रांवर वर्षाखाली इंडियासाठी 'आय' हे अक्षर येतं. जॉर्ज एंगलहार्ट वळणदार 'ई' करी. रिचर्ड कॉस्वे समोर क्वचितच सही करायचा, मागे मात्र लॅटिनमध्ये लांबलचक बिरुद लिहायचा. म्हणून समोर ठसठशीत 'कॉस्वे' लिहिलेलं दिसलं की मी चित्र खाली ठेवतो. चित्रकाराच्या नावामागे धावण्यात नवख्यांचा पैसा आणि वेळ दोन्ही जातात. कुठल्या घरातून आलं, कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेलं, हे विचारा. ते उत्तर आज मिळालं नाही तर उद्या मिळणार नाही.

घरांनी सांभाळलं म्हणूनच तर हे आपल्यापर्यंत आलं. एंगलहार्टच्या हिशेबाच्या वह्यांत 1775 ते 1813 या काळात 4,853 चित्रांची नोंद आहे; वारसांनी त्या वह्या जपल्या नसत्या तर आज कितीतरी चेहरे निनावी राहिले असते. 1865 साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमनं लघुचित्रांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा घराघरांतून उसनी आणलेली तीन हजारांच्या आसपास चित्रं एका छताखाली आली.

मला त्याहून जवळची वाटते ती अमेरिकेतल्या चार्ल्स्टनची गोष्ट. चार्ल्स फ्रेझर तिथला वकील. 1818 साली वकिली सोडून तो पूर्णवेळ लघुचित्रकार झाला आणि आपल्याच गावातल्या माणसांचे चेहरे आयुष्यभर रंगवत राहिला. 1857 साली, तो सत्तरी ओलांडलेला असताना, गावानं त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. तीनशेहून अधिक लघुचित्रं लोकांनी आपापल्या घरांतून, दागिन्यांच्या पेट्यांतून काढून दिली. चित्रकार हयात, काही चेहऱ्यांचे मालक हयात, बाकीच्यांची मुलं-नातवंडं हजर. चार वर्षांनी त्याच गावाच्या बंदरात यादवी युद्धाची पहिली तोफ डागली गेली. आज चार्ल्स्टनच्या गिब्ज म्युझियममध्ये लघुचित्रांचा सहाशेहून मोठा संग्रह आहे.

कुटुंबं कधी न बोलताही जपतात. बॉस्टनच्या सेरा गुडरिजनं 1828 साली स्वतःच्या उघड्या वक्षाचं, चेहरा न दाखवणारं, तळहाताएवढं चित्र हस्तिदंतावर काढलं आणि नुकतीच पत्नी गमावलेल्या डॅनिएल वेब्स्टर या सिनेटरला पाठवलं. त्यानं तिच्याशी लग्न केलं नाही, पण चित्र टाकलंही नाही. ते त्याच्या वारसांकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलं आणि आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे.

हा शौक फक्त श्रीमंतांचा होता असंही नाही. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये गावोगाव फिरणारा रूफस पोर्टर आपल्या जाहिरातीत दर छापायचा: कातरलेली साधी छायाकृती 20 सेंट, रंगीत बाजूचा चेहरा दोन डॉलर, समोरचा तीन, आणि हस्तिदंतावर आठ. ज्याला आठ परवडत नसत तो दोनचं घेई. म्हणून कागदावरचं साधं जलरंगी चित्र मिळालं तर त्याला कमी लेखू नका; एखाद्या शेतकऱ्याच्या घरातली पोरगी त्याच कागदावर कायमची राहिलेली असते.

जपताना

शत्रू तीन: उजेड, ओल आणि ओलीतले चढउतार. गालांचा लाल रंग उजेडात सगळ्यात आधी उडतो. म्हणून कित्येक जुने चेहरे आज आजारी, निळसर पांढरे दिसतात. ती माणसं तशी नव्हती. खिडकीसमोर, दिव्याखाली किंवा शेकोटीवरच्या फळीवर चित्र लावू नका. डबीत ठेवा आणि पाहावंसं वाटेल तेव्हा काढून पाहा. पूर्वी असंच पाहत.

हस्तिदंत हवेतली ओल शोषतो आणि सोडतो, आणि ते सगळ्या दिशांनी सारखं होत नाही. म्हणून तो वाकतो, आणि पुठ्ठ्याला घट्ट चिकटवलेला असेल तर उभा तडकतो. हवेतली आर्द्रता पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या आसपास स्थिर असलेली बरी. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या डबीत कोंबायचा मोह होतो, पण अति कोरडेपणानंही तडा जातो. तुम्ही मुंबईत किंवा कोकणात राहत असाल आणि असं चित्र घरात असेल, तर पावसाळ्यात त्याला बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, आतल्या भिंतीकडच्या कपाटात मधल्या कप्प्यात ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी डोळ्यांनी तपासा. डिंक हे बुरशीचं आवडतं खाणं आहे. गडद कोटावर पांढरे ठिपके दिसले तर पुसायला जाऊ नका, जुनी चित्रं जपण्याचं काम करणाऱ्या जाणकाराला दाखवा.

काचेच्या आतल्या बाजूला बारीक थेंब किंवा धुरकटपणा दिसला तर त्याला काच रडणं म्हणतात. जुन्या काचेतले क्षार बाहेर येतात आणि ते चित्रावर टपकतात. हे एकच कारण असं आहे की चित्र उघडावंच लागतं. तेही तुम्ही नाही, कागद आणि हस्तिदंतावर काम करणाऱ्या तज्ज्ञानं. मूळ काच, कागद, केस, सगळं परत द्यायला त्यांना आधीच लिहून सांगा.

कायद्याचं थोडं

चित्र हस्तिदंतावर आहे हे विसरू नका. ब्रिटनमध्ये 2018 चा हस्तिदंत कायदा 6 जून 2022 पासून लागू आहे. 1918 पूर्वीची, 320 चौरस सेंटिमीटरपर्यंतची व्यक्तिलघुचित्रं त्यातून सुटतात, पण विकण्याआधी सरकारी नोंदणी लागते. वारसानं मिळणं किंवा भेट देणं यावर बंदी नाही. अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतात, काही राज्यं फार कडक आहेत. भारतात हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे, आणि देशाच्या सीमा ओलांडताना आंतरराष्ट्रीय परवान्यांचा प्रश्न येतोच. तेव्हा सुट्टीत येताना सामानातून 'आईला भेट' म्हणून आणू नका.

आजच करायचं काम

पुढून, मागून आणि चारी कडांनी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला फोन करा. आम्ल नसलेल्या कागदावर, पेन्सिलीनं, असं लिहा:

"हे चित्र मला सासूबाईंकडून मिळालं. त्यांना त्यांच्या मावशीकडून. मावशी याला 'जहाजावरचा काका' म्हणायच्या. खरं नाव सासूबाईंना आठवत नाही, पण तो मुंबईला गेला आणि परतला नाही असं घरात बोलत. मागचे केस त्याच्या आईचे की त्याचे, याबद्दल घरात दोन मतं आहेत. तारीख, माझं नाव."

अंदाज असेल तर अंदाज असंच लिहा, दोन मतं असतील तर दोन्ही लिहा. चिठ्ठी चित्राला चिकटवू नका. घडी करून त्याच डबीत, चित्राच्या खाली ठेवा. एक प्रत पुढच्या पिढीतल्या कुणाकडे तरी द्या. आमच्या शेजारच्या आजींच्या त्या डब्यात आता अशी चिठ्ठी आहे. नाव सापडलं नाही. चित्रातल्या त्या निळ्या कोटाच्या बटणावर मात्र भिंगाखाली जहाजाच्या नांगराचं चिन्ह दिसलं, तेवढं लिहून ठेवलं आहे.